आप्पांचा टेम्पो तंबाखूसाठी का थांबायचा

मंडळी, आज माझं लहानपणापासूनचं एक कोडं सुटलं!

ऐंशीच्या दशकात माझे वडील, आप्पा, बेळगाव-निपाणी टेम्पो चालवायचे. तंबाखू मळायची झाली की टेम्पो रस्त्याकडेला उभा! बाकीचे ड्रायव्हर गुडघ्यानं स्टिअरिंग सांभाळत दोन्ही हातांनी मळायचे आणि आप्पांना हसायचे. आम्हा पोरांना लाज वाटायची.

आज आप्पांना घेऊन निपाणीला निघालो होतो. फोन वाजला, मी गाडी चालवतच उचलला. आप्पांनी तो हिसकावूनच घेतला!

"मीबी पयलं गुडघ्यावर स्टिअरिंग धरूनच मळायचो रं," ते म्हणाले. "तू बालवाडीत हुतास तवा. एकदा संकेश्वराजवळ मान वर केलो, तर म्होरं गवताचा भारा घेतलेली बाई! करकचून ब्रेक दाबलो. भारा चाकाखाली गेला, बाई तेवढी वाचली. घरात कुणाला सांगितलो न्हाय. तवापास्नं थांबूनच मळतो."

तेवढ्यात आप्पांच्या हातातला फोन परत वाजला. मी गाडी कडेला घेतली, बंद केली, फोन मागून घेतला आणि मग बोललो.

शेजारी आप्पा निवांत तंबाखू मळत बसले.

खरं सांगा, फोनसाठी तुम्ही गाडी शेवटची कधी थांबवली होती?