थोरलीचं दार

प्रफुल्ल तिरोडकरांचा दणदणीत आवाज ही त्यांच्या नोकरीची देणगी. नोकरी संपली तरी ती काही परत गेली नाही. आयुष्यभर हा माणूस पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीमागे बसला आणि निम्मी डोंबिवली त्या खिडकीशी भांडून गेली. हंडे आपटणाऱ्या बायका, सोसायट्यांचे सेक्रेटरी, "माझा मेहुणा कोण आहे माहितीय का" म्हणणारे आणि काही न बोलता नुसतेच रडणारे, या सगळ्यांना तिरोडकरांनी तोंड दिलं. त्यातून त्यांना एक कळलं. आपल्याला पाणी आलं नाही म्हणून माणूस जेवढा भांडतो, त्याहून जास्त समोरच्या बिल्डिंगला आलं म्हणून भांडतो. हे ज्ञान खात्याच्या काही उपयोगाचं नव्हतं, पण कादंबरीच्या होतं.

कारण तिरोडकर कादंबऱ्या लिहितात. स्वतः लिहितात, स्वतः छापतात आणि पुष्कळदा स्वतःच वाचतात. घर पाहावं बांधून म्हणतात ना, तसंच पुस्तक पाहावं काढून. प्रकाशकांच्या उत्तराची वाट पाहून कंटाळलेल्या अशा चार-पाच जणांचं एक मंडळ आहे. दर रविवारी सकाळी ते रामनगरात, सुमतीताई दातारांच्या तळमजल्यावरच्या जागेत जमायचं. ताई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगा सलिल ठाण्याला. मंडळात एकाने दुसऱ्याची मुद्रितं तपासायची आणि दिवाळीत फडके रोडला टेबल मांडलं की आपल्या पुस्तकाआधी शेजारच्याचं गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, असा रिवाज. "माझं राहू द्या, हिचं बघा," हे तिरोडकर इतक्या मनापासून म्हणायचे की गिऱ्हाईक त्यांचं खरंच राहू द्यायचं.

मंडळाचा नियम मात्र एकच, आणि तो सुमतीताईंनी घालून दिलेला. दुसऱ्याच्या पुस्तकाला हवा तेवढा हातभार लावा, पण त्यात आपलं वाक्य घालायचं नाही. एकसुद्धा नाही.

मग मदत करायची तरी कशी? तर भांडून. ज्याचं पात्र गुळगुळीत व्हायला लागलंय त्याने त्या पात्राच्या जागी बसायचं. समोर दुसऱ्याने त्याचा वैरी होऊन बसायचं आणि मग खरंखुरं भांडायचं, आवाज चढवून, मागचं सगळं उकरून, चहा गार होईपर्यंत. "पात्राला काय हवंय ते आपल्याला माहीत असतं हो," ताई म्हणायच्या, "पण कोणी आडवं आल्याशिवाय ते त्या पात्राला कळत नाही." आडवं यायला अर्थातच तिरोडकर. पहिल्याच रविवारी वरच्या मजल्यावरच्या बाई धावत खाली आल्या होत्या, "ताई, पोलिसांना फोन करू का?" म्हणून. तेव्हापासून भांडण सुरू व्हायच्या आधी खिडक्या लावायची पद्धत पडली. एमआयडीसीतल्या कारखान्यांचा वास आला की सगळी डोंबिवली खिडक्या लावते, दातारांच्या मात्र साहित्यासाठी लागायच्या.

या रीतीने बऱ्याच जणांचं भलं झालं. रुचिता ही मंडळातली सगळ्यात लहान. एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते आणि भुताच्या कादंबऱ्या लिहिते. तिचं भूत फार सोशिक होतं. तिरोडकर त्या भुताच्या खोलीतले भाडेकरू झाले आणि असे काही तावातावाने बोलले, की भूत बिचारं उसळून उठलं. ती कादंबरी लोकांनी फोनवर भराभर वाचली. त्या रविवारी सगळ्यांना बटाटेवडे रुचिताकडून.

सुमतीताईंची स्वतःची कादंबरी मात्र बरीच वर्षं चाललेली. दोन बहिणींची गोष्ट. थोरली कल्याणला, धाकटी विठ्ठलवाडीला, मध्ये एका स्टेशनाचं अंतर. थोरलीला बघायला आलेला मुलगा धाकटीला पसंत करून गेला आणि धाकटीने नाही म्हटलं नाही. एवढंच घडलं, आणि थोरली आयुष्यभर एकटी राहिली. शेवटच्या प्रकरणात म्हातारी धाकटी थोरलीच्या दारात येऊन बेल वाजवते. थोरलीला उघडायचं आहे. तिचा हात कडीवर आहे, आणि ती उघडत नाही. "दार उघडलं की माझी कादंबरी मेली," ताई सांगायच्या. "त्या न उघडलेल्या दारासाठीच मी हे सगळं लिहितेय." मंडळातल्या प्रत्येकाला ते दार ठाऊक होतं.

आणि मग एका रविवारी ताईंनी शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. धाकटीने बेल वाजवली. थोरलीने दार उघडलं आणि म्हणाली, "अगं ये ना, बस. चहा टाकते." पुढे दोघींनी चिवडा खाल्ला.

रुचिताने विचारलं, "ताई, ते दार?"

"कसलं दार?"

"थोरली उघडत नाही ना? असं ठरलेलं."

"का नाही उघडणार? सख्खी बहीण आहे तिची," ताई म्हणाल्या. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलेलं दिसत होतं.

तिरोडकरांनी मुलगा बघायला आल्याची हकीकत त्यांना सांगितली. ताई ओशाळल्या. "अगबाई, विसरलेच की," म्हणाल्या. पुढच्या रविवारी पुन्हा लिहून आणलं, पुन्हा दार उघडलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. दर वेळी कोणीतरी त्यांना ते सांगायचं आणि दर वेळी ताईंना थोरलीचं दुःख नव्याने व्हायचं. डोळ्यांना पदर लावून म्हणायच्या, "बिचारी गं." आपणच हे तिच्या वाट्याला घातलंय, हे त्यांच्या गावी नसायचं. आयुष्यभर माणसामाणसांत वैर पेरून त्याची राखण केलेली ही बाई, आणि आता तिला कुणाचं कुणाशी का वाकडं आहे तेच आठवेना.

सलिलने तिरोडकरांना बाहेर गाठून सांगितलं. "काका, डॉक्टर म्हणालेत हे वाढतच जाणार. दिवाळीनंतर मी तिला ठाण्याला नेतोय. तोवर तिचं पुस्तक होऊन जाऊ दे. तिचा सगळा जीव त्यात आहे."

झालं. तिरोडकरांनी ते आपल्यावर घेतलं. दिवाळीपर्यंत ताईंच्या हातून ते दार बंद व्हायला हवं होतं. आता हा माणूस ना डॉक्टर, ना घरातला. त्याच्याजवळ होती ती खिडकीमागची विद्या. त्यांनी तिथे असे म्हातारे पाहिले होते की जे स्वतःचा पत्ता सांगताना अडखळायचे, पण नळाची लाइन कुणी तोडली ते नावानिशी सांगायचे. राग विसरत नाही, असा तिरोडकरांचा हिशेब. ताईंना समजावून काही आठवत नाही ना, मग त्यांना भांडायला लावू.

त्यांनी खिडक्या लावल्या. ताईंना थोरलीच्या जागी बसवलं आणि स्वतः पूर्वीसारखेच धाकटी झाले. ताई हसल्या, "बऱ्याच दिवसांनी!" म्हणाल्या. खेळ त्यांना आठवत होता. सगळ्यांना हायसं वाटलं.

तिरोडकरांनी सुरुवात केली. "मी काय पळवून नेला त्याला? त्यानेच मला पसंत केलं. तुझ्यात होतं काय पसंत करण्यासारखं?"

ताई ताठ झाल्या. "लाज नाही वाटत तुला?" त्यांचा आवाज कापला, पण तो थोरलीचाच होता. रुचिताने आनंदाने तिरोडकरांकडे पाहिलं. लागलं, लागलं! आणि इथेच तिरोडकर चुकले. विस्तव धरतोय असं बघून त्यांनी सगळा दम लावून फुंकलं. ज्याने तक्रार खिडकीच्या काचा हलायच्या तो आवाज काढला. "तू मला सतत पाण्यात पाहिलंस! माझा संसार बघून जळत राहिलीस!"

ताईंचा चेहरा उतरला. त्या मागे सरकल्या. खुर्ची भिंतीला लागली. "अहो, मी काय केलंय तुमचं?" त्या म्हणाल्या. "कोण तुम्ही? माझ्या घरात येऊन मला का बोलताय?"

"ताई, मी तिरोडकर. आपण खेळतोय ना." पण घाबरलेल्या तिरोडकरांचा आवाज अजून तिथेच, वर होता.

"सलिल! सलिल, ह्यांना जायला सांग रे." सलिल तिथे नव्हता. ताई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी कडी लावून घेतली. रुचिता दारापाशी बसून किती वेळ हाका मारत होती. तिरोडकर दिवाणखान्याच्या मधोमध उभे होते. आपले हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. ताईंनी दार उघडलं नाही.

सलिलने मग दिवाळीची वाट न पाहता ताईंना ठाण्याला नेलं. तिरोडकरांना तो वावगं काही बोलला नाही. "काका, तुमचा हेतू मला माहीत आहे," एवढंच म्हणाला. खरं तर त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तोंड द्यायची सवय होती त्यांना. समजूतदारपणापुढे काय करायचं, ते खिडकीमागे कोणी शिकवलं नव्हतं.

कल्याणच्या छापखान्यात पुस्तक जुळून तयार होतं. अडलं होतं ते शेवटच्या पानांशी.

"काका, मी लिहिते ना," रुचिता म्हणाली. "ताईंचं सगळं पाठ आहे मला. कडी, हात, सगळं. हुबेहूब करीन. कोणाला कळणारेय?"

"आपला नियम आहे."

"कोणाचा नियम? जिने केला तिला तरी आठवतोय का?"

खरं सांगायचं तर ती पानं तिरोडकरांनी मनातल्या मनात कितीदा लिहिली होती आणि ती चांगली झाली होती. पण ती सुमतीताईंची होणार नव्हती. आणि सुमतीताईंनी हाताने लिहिलेली जी होती, ती सुमतीताईंना जे हवं होतं त्याच्या नेमकी उलट. एकीला मानावं तर दुसरी मोडत होती. शेवटी असं ठरलं, की तिरोडकरांनी ठाण्याला जायचं आणि ताईंनाच विचारायचं. त्या 'लिहा' म्हणाल्या तर रुचिताने लिहायचं.

सलिलचा फ्लॅट घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये, फार वर. तिरोडकरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ताईंना आवडतात म्हणून ओल्या नारळाच्या करंज्या आणल्या होत्या. त्यांनी बेल वाजवली.

आत पावलं वाजली. दारापाशी येऊन थांबली. कडीवर कोणाचा तरी हात पडल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. तिरोडकर करंज्यांचा डबा धरून उभे राहिले. असं ते अनेक रविवार उभे राहिले होते, धाकटी होऊन, लटक्या दारापुढे. नका उघडू, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली.

दार उघडलं. सुमतीताई होत्या. वाळल्या होत्या, पण वेणी नीट घातलेली. आत सलिल फोनवर कोणाशी तरी कामाचं बोलत होता. ताईंनी पाहुण्याकडे पाहिलं. ओळख नव्हती, आणि तरी त्या हसल्या.

"या ना, बसा. चहा टाकते."

"ताई, मी—" तिरोडकर बोलायला लागले.

तो आवाज कानावर पडला मात्र, ताईंनी दाराची कड घट्ट धरली. हसू गेलं. कादंबरी गेली होती, बहिणी गेल्या होत्या, रविवार गेले होते, समोरच्या माणसाचं नावही गेलं होतं. एवढं एक राहिलं होतं.

"तुम्ही ओरडणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

तिरोडकरांनी मानेनेच नाही म्हटलं. मग तेवढ्याने भागेना असं वाटून, जन्मात कधी काढला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाले, "नाही हो ताई. नाही ओरडणार."

"मग या," ताई म्हणाल्या आणि आत वळल्या. तिरोडकर सोफ्याच्या टोकाला बसले. स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज झाला, आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला. रुचिता होती.

"काका, विचारलंत? काय छापायचं? दार बंद की उघडं?"

"उघडं," तिरोडकर त्याच हळू आवाजात म्हणाले. उत्तर त्यांना दारातच मिळालं होतं.

"काय? काका, काहीच ऐकू येत नाहीये. जरा मोठ्याने बोला ना."

तिरोडकरांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. ताई चहाचं आधण ठेवून, मान किंचित वाकडी करून बाहेरच्या बोलण्याचा कानोसा घेत उभ्या होत्या.

"काका? हॅलो? जरा मोठ्याने."

तिरोडकरांना ते जमलं नाही.