मैदानाला वळसा घालणारे नजीब उस्ताद

नजीब उस्ताद मैदान कधी मधून ओलांडत नसत. सिल्वासातल्या आमच्या शाळेच्या मैदानाला एका टोकाला फाटक, दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी. घसा कोरडा पडला तरी हा माणूस चुन्याच्या रेषेबाहेरून अख्खा वळसा घालून टाकीकडे जाणार. पायात चेंडू असला की मात्र मधून, तिरके, कुठूनही. मी तिथला पीटीचा मास्तर. पहिल्याच आठवड्यात मला हे कोडं पडलं. विचारलं मात्र नाही. खोदून विचारण्याचा माझा स्वभाव नाही, असं मी स्वतःला सांगत आलो.

उस्ताद काबूलचे. तिथल्या फुटबॉल क्लबात मिडफिल्डला खेळलेले. भारतात खेळायला आले, गुडघा गेला, प्रशिक्षक झाले. तोवर तिकडे राजवट बदलली आणि परत जायची सोय उरली नाही. नरोलीच्या एका सूत कंपनीने त्यांना कामगारांचा संघ बांधायला ठेवलं आणि सरावाला आमचं मैदान घेतलं. खेळाडू बहुतेक धुळे-नंदुरबारकडचे, खोल्या करून राहणारे. पाळीभर मशीनपुढे उभे राहून यायचे. उस्ताद त्यांना आधी बूट काढून बसवायचे, वेलची घातलेला हिरवा चहा पाजायचे. "पैर भी मज़दूर है, भाई. उसको भी छुट्टी दो."

कुणाचा पास चुकला तर ओरडणं नाही. छातीवर हात ठेवून म्हणायचे, "मेरी ग़लती. मैंने देर से बोला." त्यामुळे चुकणारा दुप्पट ओशाळायचा.

कॅप्टन भिकन जिभेचा तिखट. "उस्ताद, मधून या ना! मैदान काय चावतं का?"

"घूमने दो, भिकन भाई. पेट देखो मेरा."

त्या वर्षी त्यांचं काम पुढे चालू ठेवायचं की नाही, हे कंपनीचे एक साहेब ठरवणार होते. सराव बघायला आले, माझ्याशेजारी बसले. "सावंतसर, ये बंदा बीच में से क्यों नहीं चलता? कोई टोटका है क्या?"

उस्ताद समोरच होते. हाक मारून विचारता आलं असतं. 'मला माहीत नाही' म्हणता आलं असतं. पण मास्तराच्या तोंडून ते निघत नाही. मी म्हणालो, "त्यांच्यात असतं असं."

साहेबांनी मान डोलावली. पुढच्याच महिन्यात उस्तादांचं काम गेलं. 'वहमी, अंधश्रद्धाळू माणूस नको' असं साहेब म्हणाल्याचं भिकननेच मला सांगितलं. मी साहेबांकडे जाऊन शब्द परत घ्यायला हवा होता. गेलो नाही.

निघायच्या दिवशी उस्ताद माझ्यासाठी त्यांच्या चहाची पुडी घेऊन आले. तेव्हा कुठे मी विचारलं.

"छोटा था, मैच देखने गया था," ते म्हणाले. "पहले हुकूमत वाले एक आदमी को लाए, सज़ा देने. मैदान के बीच में बिठाया, गोली मारी. पानी डाला. फिर मैच हुआ, सर. लोगों ने ताली भी बजाई." पुडी माझ्या हातात ठेवत म्हणाले, "बाद में मैं उसी मैदान पे खेला. बॉल ले जाए तो जाता हूँ. ऐसे ही, टहलते हुए, उसके ऊपर से कैसे जाऊँ?"

"आधी का नाही सांगितलंत?"

"किसी ने पूछा नहीं."

तरीही साहेबांपुढचं माझं बोलणं मी त्यांना सांगितलं नाही. फाटकापर्यंत सोबत गेलो, रेषेबाहेरून.

संघाला मात्र नंतर सगळं सांगितलं, साहेबांपुढे मी काय बोललो तेही. भिकन कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही.

मग नवे प्रशिक्षक आले. पहिल्याच सरावात पाणी प्यायची सुट्टी झाली आणि सगळा संघ रांगेने, रेषेबाहेरून, वळसा घालून टाकीकडे निघाला.

"अरे, सरळ जा की! ही काय भानगड?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तोच भिकन थांबला. उत्तर त्यांना दिलं, पण बघत होता माझ्याकडे.

"आमच्यात असतं असं, सर."