तिलाच विचारा

फिनेलचा वास आला की माझं टाळकं अजून सणकतं. पंधरा वर्षांची, जन्मापासून बहिरी मुलगी साताऱ्याच्या बालगृहातून कुंडलला आमच्या घरी सांभाळायला दिली होती. त्याआधी दोन घरांनी तिला परत पाठवलेलं. महिन्याभरात तिनं अन्न टाकलं, नखांनी स्वतःचे दंड ओरबाडायला लागली, म्हणून मी तिला सांगलीत मनाच्या डॉक्टरकडं नेलं. नुकत्याच फिनेलनं पुसलेल्या त्या खोलीत डॉक्टरनं तिच्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. मलाच म्हणाला, “हिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. हिच्या मनाला काय लागणार?” मी टेबलावर हात आपटला. “आवं, ती ओठ वाचती! तुमी आत्ता बोललेलं सगळं कळलंय तिला. तिलाच इचारा की!” त्यानं चडफडत कागद-पेन तिच्यापुढं सरकवलं. तिनं लिहिलं, ‘मला इथंच सोडून जाणार का?’ सकाळी एसटीत बसवताना कुठं चाललोय हे मी तिला सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी तिला घरी घेऊन आले, आजही ती आमच्याकडंच आहे. त्या डॉक्टरवरचा राग कधीतरी निवेल, पण स्वतःवरचा काही निवत नाही.