अवेळी आलेली हिरवी साडी

खोकला काय, कुणालाबी हुतो. माजी थोरली जाऊ तुळजाबाई दिवाळीपास्नं खोकत हुती, तरी पिरंगुटच्या कंपनीतल्या पोरांसाठी चुलीवर भाकऱ्या थापायचं काय सोडंना. आमी हितं भरे गावात खोल्या भाड्यानं देतो, आन त्या पोरांना बाईच्याच हातची भाकरी लागती. धुरानं हुतंय, म्हणायची. मग थुंकीत रगत दिसलं, तवा तिचा ल्योक किशोर तिला पुण्याला घेऊन गेला. फुफ्फुसात गाठ निघाली. डॉक्टर किशोरला बाजूला घेऊन म्हणाले, कॅन्सरच दिसतोय, पण सुईनं तुकडा काढून तपासल्याबिगर कुठला ते कळायचं न्हाई, आन कळल्याबिगर औषध ठरायचं न्हाई. सोमवारी घेऊन या.

हे बाईला सोडून घरात सगळ्यांना ठावं. तिला सांगितलं, छातीत पाणी झालंय. तिचा नवरा, आमचं वाल्मीकभाऊजी म्हणाले, नाव ऐकूनच ती खचंल. त्यात कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं की गाठीला लोखंड लागलं की ती अंगभर पसरती. झालं, सुई नको असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. किशोर बापापुढं तोंड उघडंना. मी म्हणलं, जिचं दुखणं तिला तरी इचारा. तर मलाच गप बसवलं. थोरल्या दिराशी किती भांडणार?

बरं, लपवायचं तर नीट लपवावं. जल्मात कप न इसळलेला माणूस बायकोला चहा करून द्यायला लागला. साखर दुप्पट, निम्मं दूध शेगडीवर. बाई चहा प्यायची आन त्यांच्याकडं बघत बसायची.

शनिवारी भुकूमवरनं तिचा धाकटा भाऊ नरहरी आला. ना पंचमी, ना दिवाळी. पिशवीतनं हिरवी साडी, बांगड्या आन नारळ काढून पुढं ठेवला. आमच्यात नवऱ्याआधी बाई गेली तर अंगावर शेवटची हिरवी साडी माहेरची, कोरी लागती, हे शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. कॅन्सर ऐकलं, आन ऐनवेळी धावपळ नको म्हणून हा शहाणा आधीच घेऊन आला. जितीजागती बहीण समोर बसल्याली! त्याच नारळानं ह्याचं डोस्कं फोडावं असं वाटलं मला.

बाईनं पदर पुढं केला न्हाई. साडीवरनं हात फिरवत म्हणाली, "नरहरी, मला काय झालंय?"

नरहरी रडायलाच लागला. भाऊजी उठून दारात गेले. मग मीच सांगितलं सगळं. रोगाचं नाव, सुई, सोमवार, आन तुमाला न इचारताच भाऊजी नको म्हणून मोकळं झाल्यात तेबी.

बाई म्हणाली, मी तर कधी मिश्रीसुदीक लावली न्हाई गं. तेवढं बोलून पोटभर रडली. मी पाठीवर हात ठेवून बसले. भ्या एकच, हीबी आता सुई नको म्हणती का काय.

डोळं पुसून तिनं नवऱ्याला हाक मारली. "अवं, टोचायचं का न्हाई ते तुमी कोण ठरवणार? बाळंतपणं काय तुमी सोसली व्हय?"

भाऊजी उंबऱ्यातच खाली बसले. मला भ्या वाटलं, एवढंच म्हणाले.

"मलाबी वाटतंय," ती म्हणाली. "पण जायचं."

सोमवारी किशोरनं गाडी काढली. भाऊजी आधीच मागं जाऊन बसले हुते. नरहरीबी आला हुता, मान खाली घालून. बाई आतनं आली ती हिरवी साडी नेसून, हातभर बांगड्या घालून. नरहरीचं तोंड पडलं. ताई, आज ही कशाला, असं कायतरी पुटपुटला.

बाईनं निऱ्या सारख्या केल्या. "त्याला कोरी साडी लागती ना? ही आता मी नेसली. तुला दुसरी घ्यावी लागंल, आन तिची घाई करू नगंस."