तुरुंग, खोडा आणि अण्णा

अण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलीच होते. आदल्या दिवशी फोनवर त्याने माझं एक वाक्य चारदा दुरुस्त केलं होतं... थोरल्या भावाशी शेवटचं बोलणं असं व्हावं? पण अण्णाबरोबर दुसरं काही होणं शक्यच नव्हतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. वडील नव्हते; आई, अण्णा आणि मी परळच्या चाळीत राहायचो. अण्णा माझगावच्या गोदीत कारकून. तिथल्या मिंगेल नावाच्या म्हाताऱ्या गोवेकर सुताराने त्याच्या डोक्यात एक पोर्तुगीज शब्द सोडून दिला : त्रोंकु. म्हणजे झाडाचं खोड. माणसाचं धडही त्रोंकु, घराण्याची मूळ शाखाही त्रोंकु. कैद्याचे पाय ज्या चिरलेल्या ओंडक्यात अडकवत तोही त्रोंकु, आणि शेवटी ती कोठडीसुद्धा. आपला तुरुंग म्हणे तिथूनच आला. महिनाभर जेवताना दुसरा विषय नाही. आई वैतागून म्हणायची, "अरे, आमटी निवतेय!"

आणि मग हा खरंच तुरुंगात गेला. शुक्रवारी मोर्चात पकडला. रविवारी मला बघायला दादरची मंडळी येणार होती. शनिवारी मी धावत भेटायला गेले. तिथला अधिकारी भला माणूस. अण्णाला म्हणाला, "पुन्हा मोर्चात येणार नाही एवढं लिहून द्या आणि बहिणीबरोबर घरी जा."

"आमच्या चाळीतले सात जण आत आहेत. त्यांनाही सोडता?"

अधिकाऱ्याने नकारार्थी मान हलवली. मी जाळीला धरून रडतेय, आणि हा मलाच समजावतोय, "सुशे, गंमत बघ. मागतोय मराठी राज्य आणि बसलोय पोर्तुगीज शब्दात!"

माझं डोकंच फिरलं. "गंमत? पाय अडकवायचा खोडा आपल्याकडे नव्हता? तोही खोडावरूनच ना? मग पोर्तुगालला कशाला जातोस? आणि तुझी ही खोड कुठल्या देशातून आली, ते सांग आधी!"

अण्णाने मान खाली घातली. मला वाटलं, फार लागलं त्याला... मग त्याचा चेहरा उजळला. "सुशे, पेन्सिल आहे का गं? हे खोड-खोडा टिपून ठेवतो."

मी तशीच निघून आले.

रविवारी मंडळी आली. भाऊ कुठे आहे, असं विचारल्यावर मी खरं ते सांगितलं. पोह्यांना हात न लावता ती उठली. सुटून आलेल्या अण्णाशी मी दोन महिने अबोला धरला. त्याच दिवसांत तो एकटाच दादरला जाऊन त्यांच्या हातापाया पडला होता, आणि त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. हे मला पुढे आईकडून कळलं. शब्दांवर तासभर बोलणाऱ्या माणसाने याबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. पुढे माझं लग्न झालं, चांगलं झालं. त्याचं राहूनच गेलं.

तुरुंगातून आल्यापासून त्याने खोलीच्या दाराला कधी कडी लावली नाही. दिवसा नाही, निजतानाही नाही. त्यावरून मी किती भांडले असेन! परवा त्याच्या खोलीवर गेले, तर माझ्या मुलाने तिथे भलंमोठं कुलूप घातलेलं.

"आई, मामाचं सामान आहे आत."

"पुस्तकं आहेत रे. कोण नेतंय? काढ ते."

कुरकुरत त्याने ते काढलं. दार उघडं ठेवून आम्ही जिना उतरलो.