पेवातल्या ज्वारीचा वास

तव्यावर भाकरी टाकली, की तिच्यावरून पाण्याचा हात फिरवताना मायच्या बांगड्या किंचित वाजत. मग ओल्या पिठातून पहिली वाफ निघे आणि तिच्याबरोबर तो वास – ताकाच्या रिकाम्या गाडग्यासारखा आंबूस, ओल्या मातीसारखा जड, आणि शेवटी आरावर शेकलेल्या पापुद्र्याचा गोडसर. तो पेवातल्या ज्वारीचा वास होता. ज्यांनी ती भाकरी खाल्ली नाही त्यांना तो समजावून सांगणं मला जमेल असं वाटत नाही. कॉलेजात आल्यापासून मी पुष्कळ शब्द शिकलो, पण या वासाला पुरेल असा शब्द अजून सापडलेला नाही...

आमचं गाव औंढ्याच्या वाटेवर, जिथं काळी जमीन संपून मुरमाड टेकाडं सुरू होतात तिथं. मुरमात पाणी ठरत नाही, म्हणून धान्य पुरायचं पेव तिथंच खणायचं. आमचं पेव अंगणाच्या कडेला होतं. वरून तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र रांजणासारखं पोट. सगळीकडून कडब्याचा थर, त्यात ज्वारी, वर दगडी झाकण, झाकणावर माती आणि मातीवर शेणाचा सडा. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत बाबांनी त्यावर कडब्याची गंजी रचली. त्या वर्षांत लेव्ही, म्हणजे सरकारची सक्तीची धान्यवसुली, सुरू झाली होती. खळ्यावर रास पडली, की सरकारचा माणूस यायचा आणि लेव्हीची ज्वारी मोजून न्यायचा. उरलेल्यावर आम्ही, दोन बैल आणि पुढच्या पेरणीचं बी. बाबा म्हणायचे, पेव गेलं तर पोळ्यापर्यंत घरात कण्यासुद्धा राहायच्या नाहीत.

घरच्या खाण्याची ज्वारी लपवून ठेवणं याला कुणी चोरी म्हणेल. मीही आता पुस्तकं वाचतो, कायद्याच्या गोष्टी थोड्याफार समजतात. तरीही मला ती चोरी वाटत नाही, आणि मी हे वाक्य खोडणार नाही.

मला बहीण नव्हती. जात्याला एक खुंटा आणि दोघांचे हात लागतात, म्हणून पहाटे मायच्या समोर मी बसायचो. गल्लीतली पोरं मला ‘दळणारीण’ म्हणून चिडवायची. मी मायला सांगितलं, तर ती म्हणाली, “खाऊन राहिला ना भाकर? मग दळायला काहून लाजतो?” पुढे मला जातं आवडू लागलं. पाळूच्या कडेनं पीठ उमलत यायचं, कोमट, राखाडी-पांढरं. आणि दाणा जुना की नवा, घरातला की पेवातला, हे नाकाला आपोआप कळायचं. जेवण म्हणजे तरी काय – भाकरी, अंबाडीची भाजी, एखाद्या दिवशी येसराची, म्हणजे भाजल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची, पातळ आमटी, नाहीतर तेल-तिखट आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. ते गरिबाचं जेवण होतं हे मला शहरात आल्यावर कळलं. तिथं ते नुसतं जेवण होतं.

पेव उघडायची एक रीत असते. झाकण काढून तोंड रात्रभर उघडं ठेवायचं, मग दोरीनं दिवा आत सोडायचा. दिवा तेवत राहिला तरच माणूस उतरणार. काढलेली ज्वारी निदान आठवडाभर अंगणात उन्हाला घालायची, म्हणजे तिचा वास बसतो. लेव्हीच्या त्या वर्षांतल्या एका उन्हाळ्यात आम्ही पेव उघडलं, पण ज्वारी उन्हाला घालता आली नाही. अंगणात पेवातला पिवळसर दाणा पसरलेला दिसला असता, तर पेव कुठं आहे हे पुढे विचारायचीही गरज उरली नसती. घरातल्या कणगीतली ज्वारी मात्र तळाला गेलेली. मायनं ती ज्वारी तशीच जात्यात घातली. तिच्या पिठाला चिकटपणा नसतो. थापताना कडा फाटतात, माय त्या बोटांनी पुन्हा पुन्हा सांधत होती. आदल्या संध्याकाळी लेव्हीचा गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार, गावात येऊन चावडीत उतरला आहे, हे आम्हांला ठाऊक नव्हतं.

पहिली भाकरी तव्यावर उलटली, आणि शेजारच्या कौसाकाकू दारात आल्या. हातात गोवरीचा तुकडा होता. काडेपेटी त्या दिवसांत मिळत नव्हती. सकाळी एका घरी चूल पेटली, की बाकीच्या बाया तिथून गोवरीवर विस्तव न्यायच्या, आणि विस्तवाला नाही म्हणायचं नाही ही गावची रीत. पण काकू त्या दिवशी चुलीकडे वळल्या नाहीत. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “पारू, गिरदावर चावडीच्या ओट्यावर उभा राहून वास घेऊन राहिला. कोणाचं पेव उघडलं म्हून इचारते. पाटलानं चहाला बसवलं त्याला. चूल इझव.”

मायनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाहेर गंजीपाशी थिजलेल्या बाबांकडे. पेटलेल्या चुलीवर पाणी ओततात ते घरात मयत झाल्यावर, एरवी नाही.

“इझवत न्हाई,” ती म्हणाली. “माझ्या घरी कोणी मेलं न्हाई. लेकराला जेवायचं हाय.”

काकूंनी गोवरी खाली ठेवली आणि पदर पसरला.

“मंग पीठ दे.”

“पीठ?”

“माझ्या घरी पेव न्हाई. पर चूल हाय ना?”

मायला समजायला फार वेळ लागला नाही. तिनं परातीतलं पीठ ओंजळीनं काकूंच्या पदरात घातलं, शिवाय गोवरीवर विस्तव ठेवला. काकू दारोदार सांगत गेल्या, आणि मग एकेक बाई येऊ लागली – कोणी सुपलं घेऊन, कोणी नुसता पदर धरून. पण प्रत्येकीच्या हातात गोवरी. बोलणं जवळपास नाहीच. एक म्हातारी मात्र पिठाचा वास घेऊन म्हणाली, यापरीस माझा म्हातारा बरा वासतो, आणि माय हसली... त्या घाईत, त्या धाकात, खरंच हसली. परात रिकामी झाली तशी आम्ही दोघं पुन्हा जात्याला बसलो. इतक्या जोरानं मी त्याआधी कधी दळलं नव्हतं. तळहाताची साल निघाली, ते नंतर समजलं.

गिरदावर पाटलांना घेऊन गल्लीत शिरला, तेव्हा घराघराच्या कौलांतून धूर निघत होता आणि सगळ्या धुराला एकच वास होता. तो पहिल्या दारात थांबला, दुसऱ्या दारात थांबला. ज्यांच्या नावावर बोटभर जमीन नव्हती त्यांच्या घरीही तोच आंबूस वास! आमच्या दारात आला, तेव्हा बाबा बैलांपुढं कडबा टाकत होते – पेवावरच्या त्याच गंजीतला. टाकलेला कडबा बैलांनी खाल्ला नव्हता तरी ते पुन्हा टाकत होते.

गिरदावरानं रुमालानं कपाळ पुसलं. “पाटील,” तो म्हणाला, “सारा गाँव एकीच पेव का खाता क्या?”

पाटील जमिनीकडे बघत म्हणाले, “न्हाई साहेब. सारं गाव एकाच इस्तवाचं खातं.”

मी जात्याचा खुंटा धरून बसलो होतो. तेवढ्यात माय उठली, डोईवरचा पदर नीट केला, दुरडीतून एक भाकरी घेऊन उंबऱ्यापाशी गेली आणि ती पुढं धरून म्हणाली, “साहेब, मघापासून वास घेऊन राहिले. चव बी घेऊन बघा.”

त्या वाक्यात आर्जव नव्हतं. उद्धटपणाही नव्हता. जेवणवेळी दारात आलेल्या माणसाला विचारायचं, म्हणून तिनं विचारलं; पण तिची मान वर होती. गिरदावरानं भाकरीकडे पाहिलं, मायकडे पाहिलं. मग तिच्यातली चतकोर मोडून घेतली आणि चावत चावत गल्लीच्या तोंडाकडे चालू लागला. त्याला काही कळलं नव्हतं असं मला वाटत नाही. पण तो परत आला नाही.

पेव त्या वेळी वाचलं. गेलं ते पुढं, संस्थानातल्या लुटालुटीच्या, धामधुमीच्या वर्षी. रात्री-अपरात्री गावं ओस पडत होती. आम्हीही गाडीत मावेल तेवढं घेऊन पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात गेलो. पेव भरलेलं, झाकण लिंपलेलं, वर गंजी. परतलो तेव्हा गंजी जळून गेली होती, माती उघडी पडली होती आणि सगळा पावसाळा आत झिरपला होता. बाबांनी झाकण काढलं, मायनं दोरीनं दिवा सोडला. थोडा खाली गेला आणि विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला. वर आलेला वास ओळखीचा नव्हता... तो सडल्याचा होता. पेव बुजवलं. कौसाकाकू वऱ्हाडातून परतल्याच नाहीत. आज त्या जागेवर माय अंबाडी लावते.

मी शहरात शिकायला आलो तेव्हा मायनं फडक्यात भाकरी आणि लसणाचा ठेचा बांधून दिला होता, आणि पुढंही गावाकडून येणाऱ्याच्या हाती तसंच फडकं यायचं. वसतिगृहात गव्हाच्या पोळ्या मिळतात. खोलीतल्या मुलांनी विचारलं, हा कसला वास? पहिल्या सत्रात मी ते फडकं भिंतीकडे तोंड करून सोडायचो. कोणी आलं तर मिटायचो. मग एके दिवशी मिटता मिटता हात थांबला. कौसाकाकूंचा पसरलेला पदर आठवला, असं म्हणणं कदाचित पुस्तकी होईल. पण तो आठवला हे खरं. मी फडकं खोलीच्या मधोमध उघडलं, भाकरी मोडली, प्रत्येक तुकड्यावर ठेचा ठेवला आणि सगळ्यांच्या हातावर दिला. नको म्हणणाऱ्यालाही दिला. आता आमच्या खोलीत शिरणाऱ्याला वास येतो. तो कोणाच्या भाकरीचा, हे मात्र त्याला सांगता येत नाही.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा मायला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. “खोलीत किती पोरं हायती?” एवढंच विचारलं, आणि पिठाचा डबा जवळ ओढला.