सभापती आणि सर्वांत मोठा कॅनडावाला

सभापतींशी चहाच्या आधी भांडणं सोपं होतं. पंचाईत व्हायची ती चहानंतर. चहाचा ग्लास खाली ठेवला, की हा माणूस आपली बाजू घेऊन आपल्याशीच भांडायला लागायचा आणि आपल्याला त्याची बाजू घेऊन बोलावं लागायचं. अनसिंग गावात माझं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. त्यापुढचा ओटा हे त्यांचं सभागृह, आणि तिथला हा कायदाही त्यांनीच केलेला. कुणी "हे काय नाटक आहे?" असं विचारलं, तर म्हणायचे, "एकाच कुशीवर झोपलं त अंग धरते बाप्पा. डोक्याचंबी तसंच हाये."

सभापती म्हणजे कशाचे? कशाचेच नाही. साधी ग्रामपंचायतीची निवडणूकही ते कधी लढले नाहीत. नाल्याकाठी त्यांचा लहानसा मळा होता, त्यात वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. सकाळी माल वाशिमच्या बाजारात जायचा आणि संध्याकाळी मालक माझ्या ओट्यावर यायचे. एखाद्या पंपाच्या रिकाम्या टाकीवर बोटं वाजवायची, "शांत बसा, सभा सुरू झाली" म्हणायचं, आणि विषय टाकायचा. विहीर खोदणारा मोठा की मोटर बसवणारा? एकदा तर रोडगे श्रेष्ठ की बिर्याणी, यावर जुंपली. चहानंतर सभापतींनी बिर्याणीची अशी काही तारीफ केली, की भिंतीपलीकडून ऐकणाऱ्या माझ्या बायकोनं दुसऱ्या दिवशी डबाच पाठवला. तो खाऊन हे म्हणतात कसे, "हे त लाच झाली, शकील. पन चांगली झाली."

रमजानमध्ये मात्र मगरीबची अजान होऊन मी रोजा सोडेपर्यंत ते चहा मागवू देत नसत. चहा नाही म्हणजे बाजूही बदलायची नाही. थोरात गुरुजी, म्हणजे आमचे सेवानिवृत्त मास्तर आणि सभापतींचे कायमचे विरोधक, कुरकुरायचे. बोलून बोलून त्यांचा घसा सुकलेला असायचा. "तुमाले काय घाई पडली गुरुजी? त्यानं सकाळपासून पानी नाही घेतलं," एवढं बोलून सभापती विषय पुढे रेटायचे. अशा माणसावर जीव जडणार नाही तर काय होणार?

त्यांची एकुलती एक लेक वैशाली, आमची वैशू, नर्सिंग शिकून कॅनडाला गेलेली. तिकडे म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात नोकरी. तिची रात्रपाळी संपायची तेव्हा आमची सभा भरलेली असायची, त्यामुळे तिचा फोन ओट्यावरच यायचा आणि तिचा चेहरा आम्ही सगळेच बघायचो. एक दिवस तिनं हसत सांगितलं, की आश्रमातल्या दोन म्हाताऱ्यांचं नाश्त्याच्या टेबलावर कडाक्याचं भांडण झालं. विषय काय, तर सर्वांत मोठा कॅनडावाला कोण! एकानं रागानं दुसऱ्याचा पाव उचलून नेला म्हणे. सभापतींचे डोळे चमकले. "अबे, हे त आपलेच लोक दिसते!" आणि दुसऱ्या दिवशी टाकीवर बोटं वाजली, "आज कॅनडा."

आता आम्हाला कॅनडातलं कोण माहीत असणार? गुरुजींनी मोबाइलमध्ये शोधून माणसं काढली. सगळ्यांना दवाखाना फुकट करून देणारा एक पुढारी त्यांनी स्वतःसाठी ठेवला. एक पाय कापलेला पोरगा नकली पायावर देशभर धावायला निघाला होता, कर्करोगाच्या इलाजासाठी पैसे जमवायला, आणि दुखणं उलटल्यामुळे त्याला अर्ध्या वाटेत थांबावं लागलं. तो मी घेतला. सभापतींनी क्षणाचाही विचार न करता इन्सुलिन शोधणारा डॉक्टर घेतला, कारण साखरेमुळे ते स्वतः रोज सुई टोचून घ्यायचे. शर्ट वर करून पोटावरच्या खुणा दाखवत म्हणाले, "हे पाहा मतदान. रोज सकाळी करतो."

मग चहा झाला, आणि तेच त्या धावणाऱ्या पोराच्या बाजूनं उभे राहिले. "सुई मले रोज टोचते, खरं हाये. पन टोचून घेऊन मी करतो काय? वांगे तोडतो. थ्या पोराजवळ पाय नव्हता, आपन पोचत नाही हे त्याले समजलं होतं, तरी थो जितकं जमलं तितकं धावला." गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मला डॉक्टरची बाजू घ्यायची होती, पण मीही त्या पोराचंच कौतुक करत बसलो. चार-पाच दिवस हा वाद चालला. निकाल काही लागत नव्हता आणि तो लागावा अशी कुणाची इच्छाही नव्हती.

अशातच एका संध्याकाळी वैशूचा फोन आला. सभापतींनी उत्साहानं आमची तीन माणसं तिला सांगितली. ती ऐकत होती, पण हसत नव्हती. मग म्हणाली, "बाबा, आनखी एक कॅनडावाली होनार हाये. पुढच्या महिन्यात माही शपथ हाये, नागरिकत्वाची. पन तुमी हो म्हनलं तरच जाईन."

सभापतींनी एकच विचारलं, "अन् इकडचा पासपोर्ट?"

"तो परत द्या लागते, बाबा."

त्यांनी फोन गुरुजींच्या हातात दिला आणि चपला घालून चालते झाले. आठवडाभर ओट्याकडे फिरकले नाहीत. मी मळ्यात गेलो, तर वांग्यांकडे बघत बोलले, माझ्याकडे बघेनात. "शकील, उद्या मी मेलो त माह्या मातीले याले माह्याच पोरीले परवानगी मांगा लागीन. हे मी आपल्या तोंडानं कसं मंजूर करू?" मला पोरीचाही राग येत होता आणि यांचाही. तिकडे ती रोज माझ्या फोनवर विचारायची, "चाचा, बाबा काही बोलले का?"

शुक्रवारी ते आपणहून आले. टाकी वाजवली नाही. "विषय एकच हाये," म्हणाले, "वैशूनं शपथ घ्याव का नाही. माही बाजू, नाही." आणि बोलायला लागले. लहानपणी ती मेथीच्या जुड्या बांधता बांधता अभ्यास करायची, इथपासून सुरुवात केली. नवरा-बायकोनं तिला वाढवलं, शिकवलं, ते काय तिनं आपल्याच घरी पाहुणी म्हणून यायला? त्यांचा आवाज फाटत होता.

समोरच्या हॉटेलातून चहा आला. आम्ही घेतला. सभापतींनी ग्लासाला हात लावला नाही. चहावर साय धरली तरी ते रस्त्याकडेच बघत बसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा माणूस चहाला घाबरतो आहे. "सभापती, चहा घ्या," मी म्हटलं.

"साखर जास्त हाये त्यात."

त्यांचा चहा बिनसाखरेचाच यायचा, हे हॉटेलवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. मला राहवलं नाही. "कायदा तुम्हीच केला ना? मग आमच्यापुरताच होता का तो?" जरा जोरातच बोललो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं आता उठून जातील. पण त्यांनी ग्लास उचलला, सायीसकट गार चहा एका दमात प्यायला आणि रिकामा ग्लास खाली ठेवला.

"आता दुसरी बाजू," ते म्हणाले. "कमळेले म्या मेडशीहून लगन करून आनलं. तिचं नाव बदललं, आडनाव बदललं. ती मेडशीची राह्यली का? तिच्या बापानं काही म्हनलं का? नाही. वरून मलेच आहेर केला." मग आवाज खाली आला. "अन् तिले माहेरी जायचं असलं त ती मले इचारे. मी म्हनो, आता सोयाबीन काढनं हाये, मंग जाजो. तिची माय गेली तवाबी ती उशिरा पोचली, मी गाडी लवकर केली नाही म्हनून. मी काय व्हिसाचा साहेब होतो का, गुरुजी? होतोच म्हना. पोरीनं त निदान आपल्या मनानं देश निवडला. कमळेले कोनं इचारलं?"

सभापतींनी माझा फोन मागितला आणि वैशूला लावला. "घे शपथ," म्हणाले. "साडी नेसून जाजो. अन् फोटो धाडजो." तिकडून रडण्याचा आवाज आला. वातावरण हलकं करावं म्हणून गुरुजी मोठ्यानं म्हणाले, "मग निकाल लागला! सर्वांत मोठी कॅनडावाली आपली वैशू!" सभापती चिडले. "मोठीबिठी नोका करू तिले. मोठ्या मानसाले कोनी जेवला का म्हनून इचारत नाही."

दुसऱ्या दिवशी कमळकाकू मेडशीला गेल्या. किती दिवसांसाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि सभापतींनी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र ते ओट्यावर येऊन हळूच म्हणाले, "शकील, तुह्या बायकोले इचार बरं, भातात पानी किती टाकतात." त्यानंतर काकू मनाला येईल तेव्हा जायच्या, आणि सभापतींचा भात शेवटपर्यंत चिकटच व्हायचा.

गेल्या हिवाळ्यात साखरेनं त्यांच्या मूत्रपिंडांची वाट लावली. वाशिमच्या दवाखान्यात मी आणि गुरुजी बसलेले असताना म्हणाले, "पोरीले उशीर होईन. थांबू नोका. मले बर्फात ठेवू नोका, कॅनडाचा गारठा मले नाही सोसनार." आम्ही हसलो. दोन दिवसांनी ते गेले. वैशूचे कागद व्हायला वेळ लागला, विमान मिळायला आणखी वेळ. आम्ही थांबलो नाही.

ती पाचव्या दिवशी पोचली. अंगणात बॅग टाकली आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "चाचा, बाबा याच्याचसाठी नाही म्हनत होते. म्या ऐकाले पायजे होतं." मला तोंड वर करवेना. मीच तो चहा त्यांना प्यायला लावला होता.

कमळकाकू ओसरीवर बसल्या होत्या. उठल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यायले ठाऊक होतं, पोरी. तुले उशीर होईन, मातीले तू नसशीन, हे त्यायले पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. ठाऊक असूनच ते हो म्हनले. आता थो हो तू परत करू नोको."

वैशूनं आईच्या मांडीत डोकं घातलं आणि तेव्हा कुठे मोठ्यानं रडली.